तळघर, दुलुथ

बाहेर दोरीवरच्या चादरी पत्र्यासारख्या ताठ.
आर्विडला आता ड्रायर हवाय,
दोनशे चाळीस व्होल्टचा.

ग्रेटा मेन स्विच पाडते.
फ्रीजची घरघर थांबते; ती होती, हे तेव्हा कळतं.
टेस्टर मघाशी चालू दिव्यावर पारखलेला.
आता इथे: शून्य.
तरी वरच्या दोन जाड तारांना ती शिवत नाही.
"मेन पडला तरी ह्या जाग्याच."

"आणि ही चौथी, उघडी? जुन्याला तीनच होत्या."
"अर्थिंग. रोज नुसती बसून.
बिघडलं काही, तरच कामाची."

पायरीवर मेहुणा, तोइवो, बॅटरी धरून.
सकाळपासून चार शब्द बोललेला नाही.
आर्विड त्याच्याकडे बघतो.
"कॉफी टाकली असती," म्हणतो,
"पण वीज."

तपासनीस गुरुवारी.
तोवर नवा ब्रेकर खाली.