लाटेवरची नजर

गालिसियाच्या त्या कड्यांवर आम्ही सहाजण,
पुढे वाटाडी उशिया, मागे तिची म्हातारी कुत्री.
दर वळणाला थांबून ती आम्हाला मोजायची,
मेंढरं मोजावीत तशी, ओठ न हलवता.

वाट कसली, काटेरी झुडपांतली भेग.
डावीकडे पिवळी फुलं, उजवीकडे काहीच नाही.
लोरेन्सोचा गुडघा कुरकुरत होता,
बेगोन्या पक्ष्यांची नावं विचारून भंडावत होती.

एका टोकावर एक बाई बसलेली. बादली. लोकरी टोपी.
खाली, फेसाच्या तोंडाशी, दोरीला बांधलेला माणूस
खडकावरून काहीतरी खरवडत होता.
बेगोन्यानं हात हलवला.
बाईनं मान वळवली नाही.
"आत्ता नको," उशिया म्हणाली, "ती कामावर आहे."
"कुठल्या?"
"समुद्राकडे पाठ न करण्याच्या."

तेवढ्यात ती ओरडली. एकच शब्द: मार!
त्यांच्या भाषेत समुद्र;
माझ्या मराठी कानाला तडाखा.
माणूस सरड्यासारखा वर सरकला
आणि तो होता तिथं
नुसतं पांढरं पाणी.

रात्री खानावळीत ताटात तेच आलं:
काळ्या कातडीची, नखं असलेली बोटं,
पिळून, सोलून खायची.
ताट ठेवणारी तीच बाई.
टोपी नव्हती, म्हणून उशिरा ओळखली.
आता तिनं पाहिलं आमच्याकडे,
एकेकाकडे, ओठ न हलवता,
आणि उशियाला काहीतरी म्हणाली.
"म्हणते, भरले सगळे."

मी खिडकीला पाठ करून बसलो होतो.
उठलो,
खुर्ची फिरवून घेतली.