डबल बेल

लहान मेंदू म्हणतात त्याला,
म्हणजे घरातला धाकटा:
पाणी आण, दार लाव, दिवा मालव,
आणि फोटोत कडेला, अर्धा कापलेला.
कवटीच्या तळमजल्यावर, मागच्या खोलीत राहतो.
उभा चिरला की आत झाड दिसतं,
पांढरं, पानगळीतलं.
पेशी मोजल्या तर थोरल्यापेक्षा जास्त भरतात.
हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगते,
मुलं लिहून घेतात.

मोरेश्वर घाग, वय सत्तावन्न,
बत्तीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर.
स्कॅनवर चिंचोक्याएवढा काळा डाग.
"नाकाला बोट लावा. आता माझ्या बोटाला."
बोट निघतं, वाटेत कापरं होतं,
माझ्या बोटाला ओलांडून पुढे जातं.
"स्टॉप सोडून थांबली, मॅडम," ते म्हणतात,
एकेक अक्षर वेगळं, सुट्ट्या नाण्यांसारखं मोजून,
"तक्रार जाणार."

शालनताई बाकावर, मांडीवर कापडी पिशवी.
"चालणं एक वेळ राहू द्या.
यांच्या बोलण्यात पुढचं मागे येतं.
जावयासमोर हसू नये तिथं हसतात,
आणि रागावतात ते दुसऱ्या दिवशी.
कशावर, ते मला आठवून द्यावं लागतं."
मी लिहून घेते. समासात,
कारण या वाक्यासाठी तक्त्यात रकाना नाही.
अकरा वर्षं हाच एक रकाना मागते आहे
अनुदानाच्या प्रत्येक अर्जात:
की धाकटा नुसते पाय सांभाळत नाही,
वाक्यही सांभाळतो,
पुढचा शब्द यायच्या आधी
सरकून त्याला जागा करून देतो.
स्वतःच स्वतःला गुदगुल्या करून बघा.
होत नाहीत.
त्याला आधीच कळलेलं असतं.

चाचणी. मी नाम द्यायचं, त्यांनी क्रियापद.
कात्री. "कापणे."
विळी. खाली परळच्या पुलावर सिग्नल सुटतो,
पुन्हा लागतो. "चिरणे."
घंटी.
ते माझ्याकडे बघतात,
मला एवढंही माहीत नसावं याची कीव केल्यासारखं.
"दोन."

नियमाप्रमाणे शून्य.

बत्तीस वर्षं दांडी न धरता उभा राहिलेला माणूस,
दोन्ही हात सुट्ट्या पैशांत,
ड्रायव्हरचा पाय ब्रेककडे वळायच्या आत
गुडघ्यांना बातमी.
आता झुलत्या फळीवर तीन सेकंद,
मग नीलोफरच्या हातांत सगळा भार.
नीलोफर मोबाईलवर ठोके लावते. टक. टक.
ते मान हलवतात: "ही आपली गाडी नाही."

चौथ्या आठवड्यात पिशवीतून निघाला पंच,
तिकिटं टोचायचा, मुठीत घासून गुळगुळीत.
मशिनं आली तेव्हा डेपोत जमा करायचा होता.
शालनताई छताकडे बघत म्हणाल्या, "राहून गेला."

टिकटिक. टिकटिक.
उजव्या हातात पंच, डावा हवेत,
वर नसलेली दोरी शोधणारा.
भारतमाता. लालबाग.
फळी झुलते.
लालबाग.
"दोनदा थांबलो. गर्दी होती."
चिंचपोकळी.
राणीबाग.
अकरा सेकंद. मी घड्याळाकडे बघत होते,
म्हणून चेहरा पाहायचा राहिला.

एका माणसाचे अकरा सेकंद म्हणजे पुरावा नव्हे.
मला एकतीस माणसं हवीत,
आणि एकतीस जणांना पंच कुठून आणू?
कुणाचा वस्तरा असेल, कुणाचं पोळपाट,
कुणी आयुष्यभर कुणाच्या तरी दुकानात बसून
नुसते गठ्ठे मोजलेले असतील.
परीक्षक विचारतील, पद्धत कोणती.

संध्याकाळी समांतर दांड्यांशी
ते घरी निघायला उभे राहिले.
बोटाच्या पेराने दांडीवर
ठण, ठण.
आणि पाय आधी निघाला,
त्यांनी निघायचं ठरवायच्या जरासा आधी.
शालनताईंनी हात पुढे केला होता,
तो तसाच राहिला.

खोलीत येऊन मी तक्ता उघडला.
शून्य खोडलं नाही. शून्य राहायलाच हवं.
बाजूला पेन्सिलने लिहिलं: दोन.
भायखळ्याच्या पुढचं नाव
अजून येत नाही.