डोकं ठिकाणावर

अक्रात समुद्राचा वारा खारट येतो
आणि संगमरवराला खार सोसत नाही.
म्हणून फाटक उघडायच्या आत
मी बादली, मऊ फडकं आणि नुसतं पाणी घेऊन बसते.
साबण लावायचा नाही. लाम्प्टेसाहेबांनी बजावलंय :
आयोर्कोर, दगड इटलीचा आहे,
तुझ्या नवऱ्याचा सदरा नव्हे.

इथे पूर्वी पोलोचं मैदान होतं.
घोड्यांना आत यायची मुभा होती, आम्हाला नव्हती.
माझी आत्या कुंपणाबाहेर केंके विकायची,
मक्याच्या पानांत गुंडाळलेले गरम गोळे,
आणि लिदीच्या वासातच गिऱ्हाइकं जेवायची.
मग मार्चमधल्या एका मध्यरात्री
याच गवतावर, लाकडी मचाणावर, एकाने डोळे पुसत सांगितलं
की हे सगळं आता आपलं.
घोडे कुठे गेले, आत्याने विचारलं नाही.

लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.
डोक्यावर घेतलेलं कधीतरी उतरवावं लागतं,
माशांची पाटी वाहणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.
नऊ वर्षांनी, तो परदेशात असताना,
शिपायांनी रेडिओ ताब्यात घेतला
आणि पुतळा आडवा झाला.
पोरं त्याच्या छातीवर चढून फोटो काढून घेत होती.
त्यांत माझा बाप. वय दहा.
फोटोत सगळे दात दिसतात.

तो मेला थंडीच्या देशात.
आधी पुरला परक्या मातीत, पाहुणा म्हणून,
मग जन्मगावी,
मग इथे.
इतक्यांदा उकरलं तर रताळंसुद्धा रुसतं.

तोवर बाप पस्तिशीचा, हमाल.
लाद्या खांद्यावरून वाहिल्या त्याने,
चिरलेल्या लादीचे पैसे मजुरीतून कापून घेतले गेले.
वास्तुकाराच्या मनात तलवारी होत्या, उलट्या ठेवलेल्या,
म्हणजे लढाई संपली.
बापाला ते तोडलेल्या झाडाचं खोड वाटायचं.
लाम्प्टेसाहेब पर्यटकांना दोन्ही सांगतात.
तिसरं मला ठाऊक आहे.
भर दुपारी आत उभं राहावं आणि वर बघावं :
चारी भिंती आत झुकलेल्या,
आणि पार टोकाला झरोका, तळहाताएवढं आभाळ.
विहीर आहे ती.
तळाशी तो, शेजारी नाईलकाठची त्याची बायको,
आणि पाणी मात्र सगळं बाहेर,
उकिडव्या बसलेल्या दगडी बासरीवाल्यांच्या पुढ्यात.

तो जुना पुतळाही आहे इथे.
धड उभं, हात तुटलेले,
डोकं शेजारी, वेगळ्या चौथऱ्यावर.
चाळीसहून जास्त वर्षं ते कुणाच्या तरी घरी होतं.
कुण्या देशप्रेमी नागरिकाने आणून दिलं म्हणे.
नाव नाही.

मी ते पुसते तेव्हा ते घर मनात रचते.
माझंच रचलेलं, खरं धरू नका :
मक्याची कोठी, तिच्यावर खुडूक कोंबडी,
झडतीला आलेला शिपाई कोंबडीला भितो.
रात्री बाई मक्यात हात घालून
कान चाचपून बघते, आहे ना.
नवरा ओरडतो, अगं पकडले गेलो तर?
तुझं डोकं ठिकाणावर आहे का?
आहे, ती म्हणते. मक्याखाली.

परवा बाप आला, काठी टेकत.
आजवर तिकीट काढून कधी आत आला नव्हता.
खोडाकडे बघितलं नाही, सोनेरी नव्या पुतळ्याकडेही नाही,
सरळ त्या धडापाशी.
खूप वेळ नुसता उभा.
मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला.
मी फडकं दिलं.
टाचा उंचावून, जिथवर हात पोचला तिथवर,
छातीपर्यंत काही पोचला नाही,
तो पुसत राहिला.
मध्येच थांबून म्हणाला, जरा साबण असता तर.

साबण चालत नाही, मी म्हणाले.