आत माया ठेव

मुलीने पुण्याहून यादी पाठवली:
पाच कपडे, आई, बास. बाराही महिने, कशावरही काहीही.
पांढरा शर्ट. काळी पँट. जीन्स.
निळा कुर्ता, साधा, कुठेही चालेल असा.
आणि जॅकेट.

जॅकेट वाचून मी बसमध्ये एकटीच हसले.
डिचोलीत थंडी पडते
ती जत्रेतल्या नाटकाच्या तिसऱ्या अंकापुरती.
तेवढ्याला सासूची शाल आहे, डांबरगोळ्यांच्या वासाची;
राक्षस मरेपर्यंत पुरते.

जीन्सचंही ऋजुताला आता आठवत नसावं.
श्रावणात ती दोरीवर चार दिवस लटकते,
मुक्काम वाढवलेल्या पाहुण्यासारखी,
आणि पाचव्या दिवशी तिला भिजल्या गोणपाटाचा वास येतो.
इथे काय टिकणार ते आपण नाही, कपाट ठरवतं,
आणि कपाटाला दरवर्षी हिरवी लव फुटते.

तरी गेले. पणजी, अठरा जून रस्ता,
काचेचं दार, आत फुकटचा गारवा.
शर्ट छान होता. खरंच छान होता.
ताज्या शिरवळ्यांसारखा पांढरा.
मी तो उलटा केला.
साईशा (नावाची पट्टी होती तिच्या छातीवर) म्हणाली,
डाग नाहीये मॅडम, नवा पीस आहे.
मी डाग शोधत नव्हते.
काखेखाली बोट घालून शिवण बघत होते:
कड कातरलेली, वरून ओव्हरलॉक,
आत सुतभर माया नाही.
"माया?" ती म्हणाली.
कसं सांगणार. म्हटलं, काही नाही गं, छान शिवलाय.
ती पुढचा साइज आणायला आत गेली.
त्यांच्याकडे पुढचा साइज असतोच.

शुक्रवारी म्हापशाला उतरले.
मयड्याची केळी, सुपं, अबोलीचे वळेसर,
उन्हात घामेजलेल्या चोरिसांच्या माळा ओलांडून
एर्मेलिंडाचा लाकडी जिना.
तिच्या वहीत माझं पान आहे, लग्नाआधीपासूनचं.
कंबर वाढत गेली, मग ह्यांच्या आजारपणाच्या वर्षी
एकदम खाली आली,
मग थायरॉइडच्या गोळ्या, मग पुन्हा वर.
ती आकडा मोठ्याने म्हणत नाही कधी.
पेन्सिलने लिहिते, टेप गळ्यात टाकते.

कापड निळं, हातमागाचं, जाड नाही आणि पारदर्शकही नाही.
ती दर मीटरला पन्नास सोडेना, मीही सोडेना,
शेवटी ती अस्तर फुकट म्हणाली
आणि मी अस्तर नको म्हटलं, पावसात वाळत नाही.
मग दोघीही गप्प, दोघीही हसलो.
"कितली दवरूं?"
दोन बोटं, मी म्हटलं.
तिने चष्म्यावरून मला पाहिलं. निरखून.
"तीन दवरतां."

तोच कुर्ता मग पतसंस्थेत, मार्च अखेरच्या हिशेबांना,
पंखा बंद पडलेला असताना.
तोच कायतानच्या धाकटीच्या लग्नात, मोत्यांची माळ घालून.
तोच शेजारच्या बाराव्याला, माळ काढून.
चतुर्थीला साडी, ते सोडा.
पण दुसऱ्या दिवशी, नेवऱ्यांचं तेल पुसून झाल्यावर,
पुन्हा तोच.

यंदा काखेत ओढायला लागला.
रविवारी दुपारी दारात बसून, जुन्या ब्लेडने,
टाका टाका उसवला.
तीन पावसाळ्यांत बाहेरचं निळं
धुऊन धुऊन आभाळाच्या जवळ गेलं होतं.
आतून निघाली तीन बोटांची पट्टी,
ऊन न पाहिलेली,
एर्मेलिंडाच्या टेबलावर होती तेवढीच निळी.
मी पुन्हा शिवला, अर्धी ठेवली, अर्धी सोडली.
आता दोन्ही कुशींना एकेक गडद रेघ दिसते,
काखेपासून खालपर्यंत, सरळ.

रात्री व्हिडिओवर ऋजुता म्हणाली,
थांब, जरा मागे सरक,
हात वर कर...
अगं, हे डिझाइन भारी आहे.
कुठल्या दुकानातलं?