पाचव्या बरगडीखाली

दर दोन महिन्याला जीप येती बेळगावास्नं,
कणकुंबीच्या वळणांवर एखाद्याला वांती करवत.
आठ पोरं-पोरी, पांढरे कोट मांडीवर घडी घातलेले.
फिलोमेन सिस्टर आदल्या दिवशी निरोप धाडतात:
लुमाण्णा, अंघोळ करून ये,
तुझा आवाज ऐकायचाय पोरांना.

मी जातो. शर्टाची बटणं काढतो.
व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसतो,
शाळेत फळा असतो तसा.

माझ्या छातीत एक आवाज हाय.
नऊ वर्षांचा होतो. घसा धरला, मग गुडघे सुजले,
मग सूज फिरायला लागली, आज हा सांधा, उद्या तो.
आईनं निवडुंग शेकून बांधला.
डॉक्टर खानापुरात होता
आणि ओढा भरला होता.
सूज गेली. आवाज राहिला.

एकेक जण वाकतो. थंडगार चकती.
कुणाचे हात कापूलालेत, कुणाच्या श्वासाला इडलीचा वास.
आपसात कानडी बोलतात, लिहितात इंग्रजीत,
मला मराठीत इचारतात, पाठ केल्यासारखं:
"आपणांस श्वसनाचा त्रास होतो का?"
धाप लागती, मी म्हणतो.
ते वहीत लिहून घेतात, धाप.
अशी मी त्यास्नी धाप दिली, कळ दिली,
चमक आणि ठणका ह्यातला फरक दिला,
उसण कुठं भरती ते, घेरी कशी येती ते,
आणि जीव पाणी-पाणी होणं,
ज्याला त्यांच्या पुस्तकात शब्दच न्हाई म्हणे.

चकती चुकली की मी बोट धरून सरकवतो.
अजून खाली. पाचव्या बरगडीखाली.
आता काखेकडं जा तेच्या मागनं.
हां. ऐकू येऊलालंय?
माना हलवतात. निम्मे खोट्या हलवतात.
मला कळतं. खरं ऐकणाऱ्याचे डोळे
कुठंच बघत नसतात.

परीक्षेला मला बेळगावला नेतात,
बसभाडं, जेवण, वर दोनशे रुपये.
चादरीखाली बोट दाखवून
पाच-सहा जणांना मी पास केलंय.
मोठ्या सरांना म्हाईत हाय.
ते तेवढ्या वेळ खिडकीतनं बाहेर बघतात.

ह्या उन्हाळ्यात एक पोरगी आली, यादगीरची, शिवलीला.
मराठी शून्य. "नोवु?" म्हणाली, ते मला कळलं.
बोट धरायला गेलो तर म्हणाली, "ब्याड."
डोळे मिटून राहिली.
आत सिस्टरनी कुकर लावलेला,
एक शिट्टी झाली, दुसरी झाली.
मग चकती काढली. वही उघडली न्हाई.
काहीतरी बोलली, सिस्टरनी मराठी केलं:
घर कुठं तुझं? पाणी कुठनं आणतोस?

बारा वर्षं ऐकूलालेत हे लोक मला,
छातीच्या बाहेरचं कुणी इचारलं नव्हतं.
दाखवतो म्हटलं.
ती आली. चपला हातात घेऊन ओढ्यातनं,
मग जांभ्या दगडांचा चढ.
मी बसतो त्या दगडावर बसलो.
मग पुढच्या दगडावर.
ती घड्याळ बघत नव्हती, दगड मोजत होती.
दारापतोर चार.
मागच्या दिवाळीला तीनच होते, मी सांगितलं,
आणि सांगता सांगता
मला स्वतःलाच ऐकू आलं.

पावसात एकवीस दिवसाची सुई चुकती, हेबी सांगितलं.
ओढा कुणाला इचारून भरत न्हाई.

परवा जीप आली. ती त्यात नव्हती.
सिस्टरच्या रजिस्टरात माझ्या नावापुढं
कानडी अक्षरात काहीतरी गिरवलेलं.
एका नव्या पोरानं ते वाचलं,
चष्मा, मिशी अजून फुटायची,
आणि चकती गळ्यातच ठेवून इचारलं:
लुमाण्णा, आता किती दगड?

चारच, मी म्हणालो.

तेनं वाकून
पायातल्या चपला काढून हातात घेतल्या.