तळ्यावरची माणसं

माझ्या टेबलावर दोन नकाशे.
एकावर चर्चच्या जुन्या परगण्यांच्या हद्दी:
कोण कशाने गेलं, ते त्यांच्या हिशेबाने लिहिलेलं.
दुसऱ्यावर पोस्टाचे विभाग:
कुठल्या विहिरीत किती रेडॉन, ते यांच्या हिशेबाने.
रान एकच, तळं एकच,
पण शिवेला शीव लागत नाही कुठेच.
काचेखाली दिवा लावून
एकावर एक ठेवले
तर सत्तावीस तुकडे होतात,
काही नखाएवढे,
आणि त्यांतल्या एकालाही नाव नाही.

कुओपिओच्या ऑफिसातून फोन येतो:
"सोपं आहे. त्रैराशिक मांडा.
परगण्याचा जेवढा भाग विभागात
तेवढी माणसं विभागात."

मी मांडते.
पाव परगणा, पाव माणसं.
पाऊण परगणा, पाऊण.
फुप्फुसाच्या कॅन्सरने गेलेले अकरा जण
भावाभावांत जमीन वाटावी तसे
दोन विभाग वाटून घेतात:
चार पूर्णांक तीन तुझे,
सहा पूर्णांक सात माझे.
शून्य पूर्णांक तीन माणूस
कुठल्या बाजूने मेला
हे सूत्राला विचारायचं नसतं.

बेरीज मात्र जुळते.
बेरीज जुळली की संध्याकाळी बरं वाटतं.

मग रंगवलेला नकाशा छापून येतो
आणि दिसतं:
हाउकीयार्वी तळ्याच्या मधोमध
दोनशे बारा माणसं राहतात.
घर नाही, धक्का नाही, धुराडं नाही,
चौतीस मीटर पाण्यावर
सारख्या अंतराने उभी,
जणू कुणी पाभरीने पेरलीत.

तेन्हो रासानेनला बोलावून घेतलं.
एक्केचाळीस वर्षं टपाल वाटलं त्याने,
उन्हाळ्यात होडीने,
हिवाळ्यात पायाने रेटायच्या घसरगाडीवरून.
टोपी काढली नाही, चष्मा तेवढा घातला.
"इर्या, हे सगळं रिकामं,"
पश्चिमेवर त्याने अख्खा पंजा ठेवला.
"दलदल. इथं करकोचे.
इथं दोघं. इथं एक.
ही बाई गेली.
इथं सात, पण जुलैपुरते."
पेन्सिलीने ठिपके देत गेला,
हद्दीकडे एकदाही पाहिलं नाही.
ठिपके आपोआप पाण्याच्या कडेने चालले,
टपालपेट्यांच्या मागोमाग.

मी तळ्यावर बोट ठेवलं.
"आणि हे? दोनशे बारा?"
मला वाटलं, हसेल.
"फेब्रुवारीत असतात की," तो म्हणाला,
"बर्फाला भोक पाडून, स्टुलावर,
जो तो एकटा,
साधारण एवढ्याच अंतरावर.
पत्रं मात्र येत नाहीत कुणाला तिथं."

आता वाटणी ठिपक्यांच्या वजनाने.
दलदलीला शून्य. पाण्याला शून्य.
एक कळ दाबली
आणि तळ्यावरची सगळी माणसं
काठाला लागली.
चार पूर्णांक तीनचे
नऊ पूर्णांक एक झाले,
आणि त्याच विभागातल्या विहिरी
ग्रॅनाइटात खोल गेलेल्या.
हे मी दोनदा तपासलं.
मग कॉफी न पिताच तिसऱ्यांदा.

एक ठिपका तेवढा रेषेवरच बसला.
हिल्या वार्तियाइनेन, वय अठ्ठ्याऐंशी.
चूल एका विभागात,
खाट दुसऱ्यात.
तेन्हो म्हणाला, पेटी दारात आहे,
आणि दार कुठल्या बाजूला
हे त्यालाही आठवेना.

मी फोन लावला. विचारलं,
तुम्हाला कुठे धरू?
पलीकडे बराच वेळ
घड्याळाचीच टिकटिक.
मग म्हणाली,
"पाणी पिते स्वयंपाकघरात.
मरेन बहुतेक खाटेवर.
तुझं तू बघ."

मी एक पूर्णांक शून्य लिहिलं
आणि विभागाचा रकाना कोरा ठेवला.
फोन ठेवणारच होते,
तर ती म्हणाली,

"पण पोरी,
मघाशी विहिरीचं काय म्हणालीस?"