पासबुक

दत्त नगरात उजाडायच्या आत सूप मांडीवर येतं,
पण खांदे हलत नाहीत, अंगठा वळत नाही.
नरसव्वा म्हणते, कॅन्सरच्या गोळीचंच आहे हे, सोड ती.
सून म्हणते, उष्णता.
डॉक्टर म्हणाले, होतं असं.

मी विड्या मोजणारी बाई.
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार.
छाट का काढली, विचारल्याशिवाय
कारखान्यातून हलले नाही कधी.

पासबुकात मागून लिहायला घेतलं:
दिवाळी, छातीची गोळी सुरू.
गड्ड्याची जत्रा, चालत गेले, चालत आले.
शिवरात्र, काही नाही.
होळी, चरबीची गोळी.
पाडवा, घागर कडेवर घेता आली नाही.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, परत घातला,
पुन्हा होळीपासून वाचलं.
चरबीची बंद केली.

विसाव्या दिवशी मांड्या सुटल्या, मग खांदे.
जिला रोज रात्री शिव्या देऊन गिळत होते
ती पांढरी गोळी तळहातावर घेतली
आणि गप्प बसले जरा वेळ.

अंगठा मात्र तसाच.
त्याच्यावर कुठल्या गोळीचा आळ नाही.
नवव्या वर्षापासून दोरा गुंडाळतोय तो,
त्याचा हिशेब
पासबुकात पुढूनच लिहिलेला आहे.